तासगावच्या द्राक्षाचा भाव ढाक्यात कोण ठरवतं?

पलूस तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराचा प्रश्न आहे. चार एकर द्राक्षबाग, शिवाय घरची थोडी हळद. द्राक्षाचा व्यापारी दर वर्षी एकच पाढा म्हणतो: "बांगलादेशशी आपलं बिनसलंय, दर देता येत नाही." हे कितपत खरं? आणि स्वतः निर्यात करायची झाली तर बांगलादेश धरावा की सोडावा?

माझं काम सांगलीत, मार्केट यार्डाच्या आसऱ्याने. मुख्य माल हळद. हंगामात ओळखीच्या लोकांच्या द्राक्षगाड्यांचे कागदही करून देतो. त्यामुळे पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या, म्हणजे बांगलादेश सीमेवरच्या, फाटकावर गाडी अडली की पहिला फोन कुणाला जातो आणि ढाक्याच्या बँकेतून पैसा का येत नाही, हे रोज बघावं लागतं.

तर तुमचा व्यापारी अर्धं खरं बोलतोय. बांगलादेशामुळे दर पडतो हे खरं. पण दोन देशांचं भांडण झालं म्हणून पडतो, हे बहुतेक वेळा खरं नाही. आपल्या फळाला सगळ्यात मोठा दणका बसला तो दोन्ही सरकारं गळ्यात गळे घालून फिरत होती तेव्हा.

तारखाच बघा. २०१५ च्या जूनमध्ये मोदी ढाक्याला गेले, सीमेवरच्या छोट्या छोट्या वस्त्यांच्या अदलाबदलीचा जुना प्रश्न मिटला. २०१६ मध्ये पेट्रापोलचं नवं एकात्मिक तपासणी नाकं सुरू झालं. दोन्हीकडचे मंत्री 'सोनेरी अध्याय' म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण याच काळात वरुड-मोर्शीच्या संत्र्यावरचं बांगलादेशचं शुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या घरात होतं, ते २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेलं. विदर्भातल्या संत्रावाल्यांचं कंबरडं मोडलं आणि राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं. द्राक्षावरचा बोजाही तसाच चढत गेला. मे २०२२ मध्ये त्यांच्या महसूल मंडळाने शंभरावर वस्तूंवर नियामक शुल्क (आयात आवरण्यासाठीचा जादा कर) वाढवलं. फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं, फुलं आणि फळं एकाच यादीत. ताज्या फळांवर हे शुल्क ३ टक्के होतं, ते एका दिवसात २० टक्के झालं. त्या दिवशी दिल्ली-ढाका वाद कसलाही नव्हता.

आता उलट बाजू. ५ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि दोन्ही देशांतला गोडवा आटला. डिसेंबरात तर ढाक्याने भारतीय राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. त्याच डिसेंबरच्या शेवटी भारतीय तांदळाचं जहाज त्यांच्या चट्टग्राम बंदराला लागलं, आणि तो तांदूळ त्यांच्या सरकारने निविदा काढून घेतला होता. हळदही जात राहिली. ताटात भात लागतो, रश्शात हळद लागते. सरकार कुठलंही आलं तरी भाताच्या भावावरून लोक रस्त्यावर येतात, द्राक्षाच्या भावावरून येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं: तुमच्या मालाचं भवितव्य वकिलातीत कमी आणि समोरच्या देशाच्या तिजोरीत जास्त ठरतं. तिजोरीत डॉलर किती, महसूल किती कमी पडतोय, आणि तुमचा माल त्यांच्या यादीत गरजेचा की चैनीचा, या तीन गोष्टी आधी बघायच्या. मैत्री त्यानंतर.

डॉलरची गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाजारात ती कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशाकडे सुमारे ४८ अब्ज डॉलर गंगाजळी होती. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल-गॅस-खतं महागली आणि ती झरझर उतरली. त्यांचं चलन टका २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ च्या आसपास होता, मे २०२४ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने तो ११७ ला बांधला. अशा वेळी कुठलंही सरकार काय करतं? तेल थांबवता येत नाही, खत थांबवता येत नाही. कापड गिरण्यांचा कापूस थांबवला तर निर्यातच बंद पडते. मग उरतं काय? गाड्या, फ्रीज, अत्तरं आणि द्राक्षं. एलसी (आयातदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) उघडायला बँका पूर्ण रक्कम आगाऊ मागायला लागल्या, वर शुल्क वाढलं. ढाक्याच्या आयातदाराने पूर्वी महिन्याला दहा गाड्या मागवल्या असतील तर तो तीनवर आला. त्या सात गाड्यांचा माल तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळच्या बागांत लटकला, आणि व्यापाऱ्याने तुम्हाला सांगितलं की मोदी-हसीना, मोदी-युनूस (हसीनांनंतरचे हंगामी सरकारप्रमुख), जे काय त्या वर्षी चालू असेल ते.

शुल्काचं गणितही एकदा हाताने करून बघा. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ताज्या फळांवरचं पूरक शुल्क २० वरून ३० टक्के केलं. तेव्हाची आकारणी अशी: १०० टका किमतीच्या मालावर सीमाशुल्क २५, नियामक शुल्क २०. झाले १४५. त्यावर ३० टक्के पूरक शुल्क, म्हणजे साडेत्रेचाळीस. झाले १८८.५०. त्यावर १५ टक्के व्हॅट, ५ टक्के आगाऊ कर, आणि मूळ शंभरावर १० टक्के आगाऊ प्राप्तिकर. सगळं मिळून १०० च्या मालावर कर १३६ च्या वर. करावर कर बसतो म्हणून आकडा असा फुगतो. शिवाय हे १०० म्हणजे तुमच्या बिलातला दर असेलच असं नाही. कस्टम्सवाले त्यांच्याकडे नोंदलेला भाव धरतात, तुमचं बिल कितीही कमी असो. मार्चमध्ये, रमजान चालू असताना, ओरड झाली म्हणून पूरक शुल्क २५ वर आणलं. आपला निम्मा हंगाम तोवर उरकला होता.

इथे जरा रमजानबद्दल, कारण बागायतदाराने राजदूतापेक्षा हे कॅलेंडर भिंतीला लावावं असं माझं मत आहे. इफ्तारला फळ लागतं, त्यामुळे त्या महिन्यात बांगलादेशची द्राक्षाची ओढ सगळ्यात जास्त. पण चांद्र वर्ष लहान, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ मध्ये तो १२ मार्चच्या आसपास लागला, २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला. २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या शेवटी लागेल. आपल्याकडचा मुख्य माल फेब्रुवारी-मार्चचा. म्हणजे ज्या महिन्यात आपल्या बागा भरात, त्या महिन्यात ढाक्याची मागणी ओसरलेली, असं पुढची काही वर्षं होत जाणार. सगळी बाग ऑक्टोबरच्या छाटणीला न ठेवता एखादा प्लॉट आगाप (लवकर छाटून लवकर माल) धरायचा का, पावसाची आणि डाऊनी या बुरशीरोगाची जोखीम घ्यायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या भागात परतीच्या पावसाने काय केलं हे मला सांगायला नको. पण ठरवताना हे कॅलेंडर समोर असू द्या.

मग राजकारणाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी लागतो. शुल्क तिजोरी ठरवते. रस्ता, फाटक, व्हिसा हे राजकारण ठरवतं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशचा निर्यात माल आपल्या भूमीवरून तिसऱ्या देशात नेण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात त्यांनी पेट्रापोलसमोरचं बेनापोल, भोमरा आणि इतर भू-बंदरांतून भारतीय सुताची आयात बंद केली. १७ मे ला आपण त्यांचे तयार कपडे भू-मार्गाने घेणं थांबवलं, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही सागरी बंदरं उघडी ठेवली. यात द्राक्षाचं नाव कुठेच नाही. पण फाटकावर तणाव आला की सगळ्याच गाड्या हळू सरकतात, तिकडच्या ट्रकवर माल उतरवून घ्यायला मजूर मिळत नाहीत, आयातदाराला व्हिसा नसल्यामुळे तो बागेत येऊन माल बघू शकत नाही. हळदीचं यात काही बिघडत नाही, पोत्यात पडून राहील. द्राक्षाला प्रत्येक दिवस किलोमागे पैसे खातो. तासगावातून निघालेली गाडी सुमारे २००० किलोमीटर जाते आणि शेवटच्या काही किलोमीटरसाठी पेट्रापोलजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये थांबते. तिथली वाट बघण्याची रक्कम शेवटी कुणाच्या दरातून कापली जाते हे तुम्हाला माहीतच आहे.

अशा आदेशांत खरं कारण कधी लिहिलेलं नसतं, हेही ध्यानात ठेवा. २०२० च्या जानेवारीत आपण शुद्ध पामतेलाची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली. त्याआधी मलेशियाचे पंतप्रधान महाथीर काश्मीरवर बोलले होते. आदेशात काश्मीरही नाही, मलेशियाही नाही. तसंच दुसऱ्या बाजूने: एखाद्या देशाने शुल्क वाढवलं की आपण लगेच त्यात राग शोधतो, आणि तिथे खरंच फक्त पैशाची चणचण असते. कागद वाचून कळत नाही. कुणाचा फायदा होतो ते बघून कळतं.

आपली बाजूही काही धुतल्या तांदळाची नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने कांदा निर्यात एकाएकी बंद केली. त्यानंतर आठवडाभरातच शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांच्या सभेत हिंदीत हसत हसत म्हणाल्या की मी आता स्वयंपाक्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसले. पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा तेच केलं. कांद्याच्या गाड्या सीमेवर अडकल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला पुन्हा बंदी. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशसाठी ५०,००० टन कांद्याला परवानगी दिली, पण सरकारी सहकारी संस्थेमार्फत. ढाक्याच्या श्यामबाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. भारतातून कधी माल येईल आणि कधी थांबेल याचा नेम नाही. मग तो पाकिस्तान, म्यानमार, इजिप्त शोधतो. तिकडचं सरकार पाबना आणि फरीदपूरच्या कांदा उत्पादकाला बळ देतं आणि त्याचं पीक आलं की आयातीचे परवाने रोखतं. आपण इथे अफगाण बेदाणा आला की काय ओरडतो? तसाच तिथला शेतकरी ओरडतो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण 'ते आपल्याशी कृतघ्नपणे वागतात' हे जे आपल्या बाजारात बोललं जातं ते मला पटत नाही.

हळद सुरक्षित, असं मी वर म्हटलं त्याला एक मोठा अपवाद आहे. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस हळदीची आयात रोखली. दिल्ली आणि कोलंबोत तेव्हा हळदीवरून काय, कशावरूनच मोठं भांडण नव्हतं. त्यांना स्वतःची हळद पिकवायची होती, पुढे डॉलरही संपत आले. तिथले भाव आभाळाला भिडले आणि रामेश्वरमच्या बाजूने होड्यांतून हळदीची चोरटी वाहतूक सुरू झाली. गरजेचा मालही, देशाला तो स्वतः पिकवता येईल असं वाटलं की, बंद होऊ शकतो. बांगलादेश हळद पिकवतो, पण त्याला पुरत नाही. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १.६२ लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ बाहेर गेले, आणि बांगलादेश हा मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक.

हळदीत खरा धोका वेगळा आहे. २०१९ मध्ये एका अभ्यासातून उघड झालं की बांगलादेशात हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळलं जातं. शिशाचं विष ते. तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने धाडी घातल्या, दंड केले, आणि दोनेक वर्षांत बाजारातली भेसळ जवळपास संपवली. एवढ्या झपाट्याने हे काम फार कमी देशांनी केलं असेल. आता तिकडचा चांगला खरेदीदार शिशाचा अहवाल मागतो. पॉलिशच्या ड्रममध्ये रंग टाकायची खोड इथे कुणाला असेल तर ती हळद ढाक्यालाच काय, कुठेच पाठवू नये. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव या एका ड्रमात बुडू शकतं.

आता पैशाचं. भारत-बांगलादेश व्यवहार बहुतेक आशियाई समाशोधन संघाच्या यंत्रणेतून होतात. दोन्ही मध्यवर्ती बँका दर दोन महिन्यांनी हिशेब मिटवतात. एलसीवर 'एसीयू डॉलर' लिहिलेलं असतं ते त्यामुळे. ११ जुलै २०२३ पासून रुपयात व्यवहाराची सोयही झाली. आपल्याकडून स्टेट बँक आणि आयसीआयसीआय, तिकडून सोनाली बँक आणि ईस्टर्न बँक. भाषणं खूप झाली, पण व्यवहार बेतानेच. कारण उघड आहे: २०२३-२४ मध्ये आपण त्यांना सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून दोन अब्जांच्या आत घेतला. त्यांनी रुपये आणायचे कुठून?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बांगलादेश धरावा की सोडावा? द्राक्षात एकट्याने, पहिल्याच वर्षी, थेट ढाक्याच्या आयातदाराशी उधारीवर? अजिबात नाही. नाशवंत मालात एलसीतली एक चूक, तारखेची किंवा वजनाची, काढून तिकडची बँक कागद नाकारते, आणि तोवर फळ बेनापोलात उतरलेलं असतं. मग आयातदार फोन करतो: "थोडं कमी करा, सोडवून घेतो." तुम्ही काय करणार, परत आणणार? ही पिळवणूक दरवेळी ठरवून केलेली असते असं नाही, पण नाशवंत माल असला की ताकद आपोआप समोरच्याकडे जाते. डॉलरटंचाईच्या काळात आमच्या एका हळदीच्या शिपमेंटचे पैसे तिकडच्या बँकेने महिनोन्महिने लांबवले. हळद होती म्हणून धीर धरता आला.

तुम्ही आज जे करता त्यालाही बांगलादेश निर्यात म्हणू नका. कॅरेटमध्ये माल भरून उत्तरेकडच्या किंवा बंगालच्या व्यापाऱ्याला बांधावर विकणं म्हणजे देशांतर्गत विक्रीच. नफा त्याचा, आणि दर पडला की जोखीम तुमची. एवढं तरी करा: सौद्यात दर लिहून घ्या, निम्मी रक्कम गाडी हलण्याआधी खात्यावर घ्या, आणि व्यापारी "बांगलादेश बंद" म्हणाला तर त्याच दिवशी दोन ठिकाणी विचारा. एक, कोलकात्याच्या फळबाजारात कुणी ओळखीचं असेल त्याला. दोन, पेट्रापोलच्या एखाद्या क्लिअरिंग एजंटला. फाटक खरंच बंद असेल तर पाच मिनिटांत कळतं. बहुतेक वेळा ते उघडं असतं. आणि शेडवर बेदाणा टाकायची सोय ठेवा. ज्याच्याकडे बेदाण्याची वाट आहे त्याच्याशी व्यापारी वेगळ्या आवाजात बोलतो.

हळदीत मात्र शिरायला हरकत नाही, तेही एकट्याने न करता चार-पाच जण मिळून किंवा शेतकरी कंपनीमार्फत. आयात-निर्यात कोड, मसाला बोर्डाची नोंदणी, दक्षिण आशियाई करारानुसार मूळ देशाचा दाखला, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि शिशाचा प्रयोगशाळा अहवाल. एलसी कागद बघितल्याबरोबर पैसे देणारी, पक्की आणि रद्द न होणारी. आणि ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा सरकारी) विमा. हप्ता जिवावर येतो, पण ढाक्याची बँक पैसे थकवते तेव्हा तोच उभा राहतो.

नजर कुठे ठेवायची? जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचं बजेट येतं, कारण त्यांचं आर्थिक वर्ष जुलैपासून. त्यात फळांच्या शुल्काची ओळ शोधा. छाटणीच्या आधी तुमच्या हातात ती असते. अर्थात जानेवारी २०२५ सारखा मधेच अध्यादेश निघू शकतो. दर महिन्याला त्यांची गंगाजळी वाढते की घटते तेवढं पाहा. ती वाढू लागली की बँका एलसी सैल करतात, त्यानंतर थोड्या काळात बागेत खरेदीदार वाढलेले दिसतात. अल्पविकसित देशांच्या यादीतून बांगलादेशाने बाहेर पडायची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. ती पाळली गेली तर भारतात बिनशुल्क माल पाठवायची त्यांची आजची सवलत कायम राहणार नाही आणि त्यांना आपल्याशी नव्याने करार करावा लागेल. दोन्ही देशांनी सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास आधीच केलेला आहे. त्यांचं लक्ष कपड्यांवर असेल. आपल्याकडच्या वाटाघाटीत द्राक्ष, संत्रं, डाळिंब यांचं शुल्क टेबलावर यावं असं वाटत असेल तर त्याची मागणी आत्ता द्राक्ष बागायतदार संघामार्फत, आपल्या खासदारांमार्फत, वाणिज्य मंत्रालयात लेखी गेली पाहिजे. शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था अपेडा, तिच्याकडेही एक प्रत द्या. पत्रात भावना नको. तालुकावार क्षेत्र, गेल्या हंगामांतले दर आणि वरच्यासारखं शुल्काचं गणित, तेव्हाच्या चालू दरांनी, एवढंच मांडा. मसुदा करून पाठवलात तर मी तपासून देईन.